अक्षरांपाशी येऊन हात झटकलेत

प्रदर्शनात टेबलावर मांडलेली तुमची एसटीच्या गाड्यांची मॉडेलं मी बघितली. त्या वेळी काही बोललो नाही, कारण पालक उभे होते. आता बोलतो. खाली माना घालून बसू नका, इकडे बघा आणि ऐका.

गाड्या चांगल्या बांधल्या आहेत. हे आधी सांगतो, कारण माझा राग त्यातूनच आलेला आहे. ज्याला काही येत नाही त्याच्यावर रागवण्यात अर्थ नसतो. तुम्हाला येतं. सनबोर्ड कापून टपाची गोलाई आणलीत, ओएचपी शीटच्या काचा बसवल्यात, मागची शिडी तारेतून वाकवलीत. अकरा मीटरची गाडी १:२४ प्रमाणात साधारण ४६ सेंटिमीटरची होते, तेवढीच केलीत. दारामागची वाहकाची सीटसुद्धा विसरला नाहीत. काही महिने या कामात गेले असतील, ते दिसतं.

आणि मग तुमच्यातल्या बहुतेकांनी त्या गाडीवर रेडियम चिकटवलं!

रेडियमच्या दुकानात गेलात, मोबाईलमधलं एक चित्र दाखवलंत, त्याने प्लॉटरवर विनाइल कापून दिलं आणि तुम्ही ते दाबून बसवलंत. त्या दुकानदाराची चूक नाही. त्याचं काम मोटारसायकलच्या टाकीवर आणि रिक्षाच्या मागच्या काचेवर शोभतं, तिथे ते योग्यच आहे. चूक तुमची आहे. प्रमाणाचं गणित तुम्ही चाकांना लावलंत, खिडक्यांना लावलंत, आरशांना लावलंत आणि अक्षरांपाशी येऊन सोडून दिलंत. आता ते गणित माझ्यासमोर करा. विनाइलची जाडी ८० ते १०० मायक्रॉन असते. १०० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. त्याला २४ ने गुणा. २.४ मिलिमीटर. म्हणजे खऱ्या गाडीवर ‘महाराष्ट्र राज्य परिवहन’ ही अक्षरं पत्र्यापासून अडीच मिलिमीटर वर उचलून बसवलेली असावीत, असं तुमची गाडी सांगते आहे. खऱ्या गाडीवर तिथे नुसता रंगाचा थर असतो. तुमच्यातल्या एकाने १:७२ ची गाडी केली आहे. तिथे हीच जाडी सात मिलिमीटरच्या पुढे जाते. हात फिरवला की बोटाला अक्षर लागतं, दिव्याखाली धरलं की त्याची सावली पडते.

यावर उपाय माहीत नव्हता, असं सांगू नका. विमानांची किट तुम्ही जोडली आहेत. त्या खोक्यात पाण्यात भिजवून उतरवायचे डिकल असतात, ते तुम्ही बसवले आहेत. भारतीय वायुदलाचं केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ पंखावर कसं अलगद सरकतं ते तुमच्या हातांना माहीत आहे. सिंगरच्या जुन्या शिलाई मशीनच्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी याच जातीची. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर पारदर्शक लॅकरचा अतिशय पातळ पापुद्रा, पापुद्र्यावर छपाई. पाण्यात टाकलं की डिंक सुटतो आणि पापुद्रा चित्रासकट सरकतो. यात न समजण्यासारखं काही नाही. किटमध्ये तयार आला तर वापरायचा आणि आपल्या आगाराच्या गाडीसाठी तयार मिळत नाही म्हटल्यावर रेडियमवाल्याकडे पळायचं, हा आळस आहे. कोरा डिकल पेपर ए फोर आकारात मागवता येतो. घरात प्रिंटर नसेल तर गल्लीत झेरॉक्सचं दुकान आहे.

जाडी ही तरी लहान गोष्ट. मला जास्त लागलं ते पुढचं.

ज्याने एशियाड केली आहे त्याने उभं राहावं. १९८२ साली दिल्लीत एशियाई खेळ झाले, त्या वेळच्या बसगाड्या पुढे महाराष्ट्रात आल्या आणि निमआराम सेवेला एशियाड हे नाव पडलं, हे तू स्वतः कागदावर लिहून गाडीशेजारी ठेवलं आहेस. आणि त्याच गाडीच्या नंबरप्लेटवर ‘एमएच’ लावलं आहेस. राज्यांची ही दोन अक्षरी ओळख १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने आली आणि तो कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याआधी महाराष्ट्रात एम या अक्षराने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी मालिका होत्या. तुझ्या गाडीवरचं वर्ष आणि तुझ्या गाडीवरचा नंबर एकमेकांना खोटं पाडतात. शेजारची गाडी बघा. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावलेली पहिली एसटी. कष्ट फार घेतले आहेत. आणि अंगावर ‘महाराष्ट्र राज्य’! महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. बारा वर्षं आधीच्या गाडीवर ते नाव कुठून येईल? ती मुंबई प्रांताची गाडी होती. चौथीच्या मुलाला माहीत असलेली गोष्ट तुम्ही चिकटवण्याच्या घाईत विसरलात.

आणि तुम्ही बाकीचे. सगळ्यांनी मिळून एमएच ०९ लावलं आहे, कारण आपण कोल्हापूरचे. एसटीच्या गाडीचा नंबर ती कोणत्या आगारात आहे यावर ठरत नाही. दापोडीच्या कार्यशाळेतून आलेल्या गाड्यांवर एमएच १२, एमएच १४ दिसतं, चिकलठाण्याच्या गाड्यांवर एमएच २०, नागपूरकडच्या गाड्यांवर एमएच ३१, एमएच ४०. रोज एसटीने शाळेला येता. रोज त्या गाडीच्या नाकासमोर उभे राहता. एकदा तरी नंबर वाचलात का?

आतल्या पाट्यांचंही तेच. तुमच्या जुन्या लाल-पिवळ्या गाडीत सीटच्या वर ‘दिव्यांगांसाठी राखीव’ लिहिलं आहे. हा शब्द कारभारात रुळला गेल्या दशकात. त्या गाडीच्या काळात तिथे ‘अपंगांसाठी राखीव’ होतं. आज तो शब्द आपण वापरत नाही, तो बदलला हे बरंच झालं. पण जुनी गाडी करतो म्हणालात तर त्या गाडीवर जे होतं तेच लिहावं लागेल.

आता अक्षरांकडे येतो. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

‘गडहिंग्लज’ ही पाटी ज्याने लावली आहे त्याने ती मोठ्याने वाचावी. वाचता येणार नाही. ‘ह’ची वेलांटी ह च्या मागे जाऊन पडली आहे. ग चा पाय मोडून ल पासून वेगळा झाला आहे. संगणकावर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर चिकटवला की जोडाक्षरं अशी फुटतात, हे तुला दिसलं कसं नाही? की दिसलं आणि चालेल म्हणालास? अरे, आपल्या गावाचं नाव आहे ते. आई ते नाव वाचून गाडीत बसते. इंग्रजी नावाचं स्पेलिंग चुकलं असतं तर रात्रभर झोपला नसतास.

ज्यांची अक्षरं फुटली नाहीत त्यांनी छाती फुगवू नये. त्यांनी संगणकात पहिला दिसला तो फाँट उचलला आहे. मराठी ‘ल’ आणि हिंदी फाँटमधला ‘ल’ यांची वळणं वेगळी आहेत, ‘श’चीही. शाळेत मी फळ्यावर दोन्ही काढून दाखवली आहेत. आणि आपल्या जिल्ह्यात हे लपत नाही. कोल्हापूरमध्ये ल, मलकापूरमध्ये ल, गडहिंग्लजमध्ये ल. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी या अक्षरांची वळणं ठरवून दिली. त्याच्या कितीतरी आधीपासून इथला पेंटर हीच वळणं ब्रशने काढत आला आहे. त्या पेंटरचा हात बघा. शिरोरेघ एका दमात ओढलेली असते, ‘र’च्या पोटात ब्रशचा दाब वाढतो, काना सुटताना टोक किंचित बारीक होतं. जुन्या गाडीवर ही हाताची अक्षरं होती. तिथे छापील फाँट घातला की गाडी मेली. दुसरं काही म्हणता येणार नाही.

मग काय करायचं? आगारात जायचं. आपल्या जिल्ह्यात कागल आहे, गारगोटी आहे, आजरा, चंदगड, राधानगरी, कुरुंदवाड आहे. जे जवळ असेल तिथे. आगार व्यवस्थापकांना भेटायचं, कशासाठी आलो ते सांगायचं, परवानगी मागायची. उभ्या गाडीचा फोटो समोरून, अक्षराच्या उंचीवर मोबाईल धरून काढायचा, शेजारी फूटपट्टी धरायची म्हणजे माप फोटोतच येतं. तिरका फोटो काढून मग संगणकावर ओढाताण केली की अक्षरं तिरळी होतात. तुमची झाली आहेत. पंधरा सेंटिमीटरचं अक्षर १:२४ ला सव्वासहा मिलिमीटरचं होतं, हे वहीत लिहायचं. खिडकीवरचं ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ हे पाच सेंटिमीटरचं असेल तर दोन मिलिमीटर. मोठ्या वाहनाची नंबरप्लेट ३४० बाय २०० मिलिमीटरची, म्हणजे तुमच्याकडे १४.२ बाय ८.३. तिच्यावरचं अक्षर नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर उंच आणि रेघ १० मिलिमीटर जाड. तुमच्याकडे २.७ उंच, ०.४२ जाड. ६०० डीपीआयवर छापलं तर एक ठिपका ०.०४२ मिलिमीटरचा, म्हणजे त्या रेघेला दहा ठिपके मिळतात. पुरेसे आहेत. पण फोनवर आलेलं धुरकट चित्र ताणून छापलंत तर प्रिंटर कितीही चांगला असो, कडा फाटणार. फोटो खाली ठेवून अक्षर वरून रेघांनी काढायचं. इंकस्केप फुकट मिळतं, कोरलड्रॉ डीटीपीवाल्यांकडे आहेच. काढून झालं की सगळं कर्व्ह करायचं, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर फाँट नसला की तुमचं ‘राधानगरी’ गायब होऊन भलतीच चिन्हं छापली जातील. आणि छापताना ‘फिट टू पेज’ची खूण काढायची. दोघांच्या पाट्या चौकटीत बसल्या नाहीत, त्याचं कारण हेच. आधी साध्या कागदावर छापून, कापून, गाडीवर धरून बघायचं. डिकल पेपर महाग आहे, साधा कागद नाही.

लाल गाडी करणाऱ्यांनी पुढचं विशेष ऐकावं. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. त्याच्याकडे पांढरी शाई नसतेच, तो कागदाचा पांढरेपणा वापरतो. आणि त्याचे बाकीचे रंग पारदर्शक असतात. पारदर्शक डिकलवर पिवळी अक्षरं छापून लाल गाडीवर उतरवली तर पिवळं दिसणार नाही, लालात बुडून जाईल. एकाने हे केलं आणि मग डिकलला नावं ठेवून रेडियमकडे गेला. डिकलचा दोष नव्हता. पांढरा डिकल पेपर घेऊन अक्षरांभोवती गाडीचा लाल छापता येतो, पण तो लाल गाडीच्या स्प्रेशी जुळवणं कठीण, आणि कापलेल्या कडेला पांढरी रेघ उरते, ती बारीक ब्रशने लाल करावी लागते. लहान पाट्यांना हे चालतं. मोठ्या अक्षरांना मी चालू देणार नाही. त्यांना स्क्रीन प्रिंटिंगच हवं. कोल्हापुरात आणि इचलकरंजीत लग्नपत्रिका स्क्रीनवर छापणारे लोक अजून आहेत. त्यांच्या बारीक जाळीतून अपारदर्शक पांढरी शाई डिकल पेपरवर उतरवता येते, आणि त्या पांढऱ्यावर पिवळी. इटलीची कार्टोग्राफ ही कंपनी जगभरच्या किटचे डिकल छापते, तीही स्क्रीन पद्धतीनेच. सहा जणांनी मिळून एक शीट केली तर खर्च वाटला जाईल. पण त्यासाठी सहा जणांनी एकत्र बसून मापं ठरवावी लागतील, आणि ते तुम्हाला नको आहे, कारण प्रत्येकाला आपली गाडी आधी दाखवायची आहे.

छापताना इंकजेटचा डिकल पेपर लेसर प्रिंटरमध्ये घालू नका. लेसर प्रिंटरच्या आत टोनर वितळवणारा रूळ साधारण २०० अंशांपर्यंत तापतो, इंकजेटच्या कागदावरचा थर तिथे चिकटून बसेल आणि दुकानदाराचं मशीन बिघडेल. त्याला आधी विचारा, कागदाचं पाकीट दाखवा.

इंकजेटची शाई पाण्यात विरघळते. हे सांगूनही एकाने छापलेला कागद तसाच पाण्यात टाकला आणि निळं पाणी बघत बसला. छापल्यावर काही तास सुकू द्यायचं. मग पारदर्शक अॅक्रिलिक स्प्रेचे हलके थर, पहिला तर नुसता धुक्यासारखा. एकदम जाड मारला की शाई पसरते. लेसरवर छापलेलं पाण्यात टिकतं, पण त्याचा टोनर वळणावर तडकतो, म्हणून त्यालाही वरून एक थर द्यावाच. स्प्रे मारताना खिडक्या उघड्या आणि तोंडाला मास्क. घरात लहान भावंडं असतील तर गच्चीवर. यात सवलत नाही.

आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात लॅकर मारू नका. हवेत ओल असली की लॅकर पांढुरका पडतो, खालचा लाल धुरकट होतो. जुलैत मारलेल्या दोन गाड्या टेबलावर होत्या, त्या लांबूनच ओळखू येत होत्या.

आता बसवणं. ज्या गाड्यांवर डिकल लावले आहेत त्यांतल्या निम्म्यांवर अक्षरांच्या भोवती चंदेरी डाग आहेत. तो पापुद्र्याखाली अडकलेल्या हवेचा डाग आहे. कारण तुम्ही मॅट रंगावर डिकल बसवलात. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, त्या खळग्यांत हवा राहते आणि उजेड परत फेकते. आधी चकचकीत क्लिअरचा थर, तो पूर्ण वाळल्यावर डिकल, आणि त्यानंतर हवा असेल तर मॅट. हा क्रम बदलायचा नाही. बोअरचं पाणी वापरू नका, सुकल्यावर क्षारांची पांढरी कड उमटते. गॅरेजमध्ये बॅटरीचं पाणी मिळतं ते घ्या, किंचित कोमट करा. डिकल पाण्यात टाकून खेळत बसू नका, डिंक सगळा धुऊन गेला तर तो चिकटणार कशाने? भिजवून बाहेर काढायचा, टिश्यूवर ठेवायचा, आपोआप सरकू लागला की कागदासकट गाडीजवळ न्यायचा आणि ओल्या ब्रशने ढकलायचा. बोटाने नाही. जागेवर आला की मधून कडेकडे कापसाच्या काडीने पाणी काढायचं. रिबिटांवर, पत्र्याच्या उभ्या पन्हाळ्यांवर तो बसत नसेल तर डिकल मऊ करणारं द्रावण मिळतं, पांढरा व्हिनेगरही थोडंफार काम करतो. पण घरी छापलेल्या डिकलवर आधी तुकड्यावर करून बघा, कडक द्रावण तुमचा अॅक्रिलिकचा थरच विरघळवतं. द्रावण लावल्यावर डिकल सुरकुततो. तेव्हा घाबरून बोट लावायचं नाही. वाळला की आपोआप ताणला जातो. तिघांनी तेव्हाच बोट लावलं आहे, ठसे अजून दिसतात.

हे सगळं किचकट आहे, मला मान्य आहे. म्हणूनच ते करायचं. याच शहरात मेस्त्री घराण्यातल्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी काम सोडलं नाही, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. ते मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे होते. बाजारात तयार वस्तू मिळत नाही, ही त्यांना सबब वाटली नाही. कलानगरीचे म्हणून तुम्ही त्यांचं नाव भाषणात घेता. त्या नावाचा अधिकार तुम्ही अजून मिळवलेला नाही.

एक गोष्ट तुम्ही मनात धरून बसला आहात, तीही काढून टाकतो. “सर, बघणाऱ्याला कुठे कळतं?” हे वाक्य मी मागच्या बाकावरून ऐकलं. कळतं. त्या दिवशी रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याची गाडी अनेक वर्षं चालवलेले एक निवृत्त चालक आले होते. ते प्रत्येक गाडीपाशी थांबले, वाकून पाटी वाचली आणि पुढे गेले. एका गाडीपाशी ते बराच वेळ थांबले. ती गाडी सगळ्यात ओबडधोबड होती, एक चाक वाकडं होतं. पण तिच्यावर ‘गारगोटी, मुदाळतिट्टा मार्गे’ असं हाताच्या वळणाचं नाव होतं, घरी काढलेलं, घरी छापलेलं, पांढऱ्या कडा लाल केलेलं. त्यांनी त्या मुलाला विचारलं, हे कुणी लिहिलं? तुमच्यापैकी कुणाच्या गाडीपाशी त्यांनी काही विचारलं का, आठवून बघा.

तो मुलगा तुमच्यापेक्षा हुशार नाही. तो आगारात गेला होता, एवढंच.

आता काय करायचं ते सांगतो. गाड्या घरी न्या. रेडियम हेअर ड्रायरने हलकं गरम करून सावकाश सोलून काढा, ओढू नका, खालचा रंग येईल. पावसाळा उलटेपर्यंत अक्षरं काढण्याचं आणि मापांचं काम करा, स्प्रे नंतर. प्रत्येकाने एक गाडी ठरवा, कोणत्या सालची, कोणत्या आगाराची, कोणत्या मार्गाची, आणि त्या गाडीबाहेरचं एकही अक्षर तिच्यावर घालू नका. पुढच्या वेळी गाडीबरोबर मापांची वही आणा. वही नसेल त्याची गाडी मी टेबलावर ठेवू देणार नाही.